साडेबारा टक्के योजना

साडेबारा टक्के योजना : नवी मुंबईसाठी ज्यांची जमीन सरकारने संपादित केली, त्या खातेदारांना रोख मोबदल्याखेरीज संपादित क्षेत्राच्या १२.५ टक्के प्रमाणात विकसित भूखंड परत देण्याची पद्धत. अंमलबजावणी सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे शासकीय महामंडळ, करते. बेलापूर पट्टी, पनवेल आणि उरणकडील गावांत तिला नुसते ‘साडेबारा टक्के’ म्हणतात. ‘आमचे साडेबारा टक्के उलव्याला लागले’ असे घरोघरी ऐकू येते. जुन्या हिशेबाने हे रुपयाला दोन आणे, म्हणजे जमिनीचा आठवा भाग. या कल्पनेशी ॲड. दिनकर बाळू तथा दि. बा. पाटील (१३ जानेवारी १९२६ – २४ जून २०१३) यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

मुंबईच्या खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याची सूचना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याआधीच, फेब्रुवारी १९७० मध्ये, ८६ गावांतील १५,९५४ हेक्टर खाजगी जमीन संपादनासाठी अधिसूचित झाली होती. ऑगस्ट १९७३ मध्ये आणखी ९ गावे व २,८७० हेक्टर जमीन तीत आली. एकूण ९५ गावे, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील. पनवेल व उरण त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते. १९८१ पासून तो रायगड. भातशेती, खारजमीन, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज येथे बहुसंख्य. कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवसापासून कूळ कसत असलेल्या जमिनीचे मालक मानले गेले. म्हणजे ज्या घरांत मालकी कुळकायद्याने आली, तिथे ती अधिसूचनेच्या वेळी जेमतेम तेरा वर्षांची होती. योजनेवरील लिखाणात ही गोष्ट सहसा येत नाही, पण पुढच्या लढ्याची धार समजून घ्यायला ती हवीच.

कायद्याची अडचण. संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली झाले. त्याच्या कलम २३ प्रमाणे मोबदला ठरे तो कलम ४ ची (संपादनाचा इरादा जाहीर करणारी) अधिसूचना प्रसिद्ध झाल्या दिवसाच्या बाजारभावाने. निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) कधी होतो, ताबा कधी जातो, याचा त्या भावावर परिणाम होत नसे. नवी मुंबईत अधिसूचना १९७० ची आणि पुष्कळ गावांचे निवाडे त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी झाले. मधल्या काळात वाशीचा पूल झाला, शेजारी नोड (नव्या शहराची नियोजित उपनगरे) उभे राहू लागले, भाव चढले. शेतकऱ्याच्या पदरी मात्र १९७० चाच भाव. शिवाय अधिसूचित जमीन विकता येईना, तिच्यावर कर्ज मिळेना.

२४ सप्टेंबर १९८४ रोजी अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने यातील काही गाठी सैल केल्या. सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (किंवा ताबा आधी गेला असल्यास ताब्यापर्यंत) बाजारभावावर वार्षिक १२ टक्के जादा रक्कम देय ठरली. कलम ११-अ ने निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली. प्रलंबित प्रकरणांसाठी ही मुदत सप्टेंबर १९८६ मध्ये संपत होती, आणि या भागातील कित्येक निवाड्यांवर १९८६ हे साल दिसते ते त्यामुळेच. कलम २८-अ अधिक मोलाचे होते. शेजाऱ्याने न्यायालयात जाऊन वाढीव मोबदला मिळवला, तर त्याच अधिसूचनेतील, पण न्यायालयात न गेलेल्या खातेदारालाही तीन महिन्यांत अर्ज करून त्या दराने फेरनिश्चिती मागता येऊ लागली. वकिलाची फी न परवडणाऱ्या गावांना या एका कलमाचा मोठा आधार झाला. तरीही हे सारे पैशापुरतेच. संपादित जमिनीचा काही हिस्सा मूळ मालकाला परत देण्याची तरतूद १८९४ च्या कायद्यात कुठेही नव्हती. म्हणूनच साडेबारा टक्के योजना शासन निर्णयावर उभी राहिली, आणि तिचे बळ व तिची मर्यादा दोन्ही तिथूनच येतात.

दि. बा. पाटील. जन्म उरण तालुक्यातील जासई येथे. बी. ए., एलएल. बी. होऊन त्यांनी वकिली केली, पण त्यांचे काम मुख्यतः शेतकरी कामगार पक्षातून झाले. १९५७ मध्ये ते पनवेलमधून प्रथम विधानसभेवर गेले. पुढे एकूण पाच वेळा आमदार, १९७७ व १९८४ मध्ये कुलाबा मतदारसंघातून खासदार, आणि विधानसभेत विरोधी पक्षनेते. उत्तरायुष्यात ते शिवसेनेत गेले. त्या टप्प्याबद्दलचे लिखाण त्रोटक आहे. त्यांचा वारसा याच जिल्ह्यातला आहे. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध कित्येक वर्षे संप चालवला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क लढून मिळवायचा आणि कायद्याच्या भाषेत पक्का करून घ्यायचा, ही रीत दि. बां.नी तिथून घेतली असे मानायला हरकत नाही. त्यांची मागणी वाढीव दरावर थांबली नाही. ज्याच्या शेतावर शहर उभे राहते तो एकदा पैसे घेऊन बाजूला होणारा विक्रेता नव्हे, त्या शहरातला वाटेकरी आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. त्यांना केवळ आंदोलक म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ही कायदेशीर सूक्ष्मता निसटते.

१९८४ चे आंदोलन. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई, दास्तान फाटा व नवघर परिसरात संपादनाविरुद्ध हजारो शेतकरी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. ते चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांचे. दरवर्षी त्याच दोन तारखांना जासई आणि पागोटे-नवघर येथे हुतात्म्यांना अभिवादन होते.

योजनेचा आरंभ. लोकस्मृतीत योजना १९८४ ची आहे. शासकीय कागदांत ती ६ मार्च १९९० ची, कारण मूळ शासन निर्णय त्या तारखेचा आहे. २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने तिला सुधारित रूप आले. काहींच्या मते १९९० हाच खरा आरंभ, आणि श्रेय तेव्हाच्या राज्य सरकारचे. काहीजण तिचे मूळ सिडकोच्या आधीच्या गावठाण विस्तार योजनेत शोधतात. मात्र ती योजना घरांपुरती होती, संपादित क्षेत्राच्या प्रमाणात हिस्सा देणारी नव्हती. १९९० च्या निर्णयाच्या क्रमांकात १९८५ हे वर्ष आहे, म्हणजे प्रकरण निदान पाच वर्षे आधी मंत्रालयात सुरू झाले असावे. हे धरले तर गोळीबारानंतरच्या वाटाघाटींतून योजना जन्मली ही गावांची समजूत कागदांशी अधिक जुळते. एकीकडे आंदोलनाचा रेटा, दुसरीकडे निवाड्यांची मुदत, अशा दोहोंमध्ये सापडलेल्या सरकारने दिलेला हा तोडगा होता, असे म्हणणे सर्वांत सुरक्षित.

हिशेब. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के ५ गुंठे. त्यातून सामाजिक सोयींसाठी ३० टक्के, म्हणजे मूळ क्षेत्राच्या ३.७५ टक्के, वजा होतात. हाती उरतात ८.७५ टक्के, साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौरस मीटर. या भूखंडांवर १.५ चटई क्षेत्र निर्देशांक आणि १५ टक्क्यांपर्यंत व्यापारी वापर चालतो. भूखंड मिळतो तो ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. शेतकऱ्याची मालकीची जमीन गेली आणि परत आला तो पट्टा, हा फरक पट्ट्यावर सही करताना अनेकांच्या लक्षातही आला नसेल. गावठाणाबाहेर संपादित जमिनीवर कुटुंब वाढले म्हणून बांधलेली ‘गरजेपोटी घरे’ असतील, तर तेही क्षेत्र वजा होते.

खरी गुंतागुंत वारसांची. सातबारावर आजोबांचे नाव, वारस नोंद अर्धवट, बहिणींची नावे नाहीत, निवाड्यात नाव एकाचे आणि कसणारा दुसराच. मेट्रो सेंटरकडील (येथील भूसंपादन कार्यालयांना हेच नाव आहे) निवाड्याची नक्कल, वारस दाखला आणि पात्रता यादी यांच्या फेऱ्यांत कित्येक प्रकरणांना वर्षानुवर्षे लागली. उदाहरणादाखल, एकरभर जमिनीला सात वारस असतील तर प्रत्येकाला अर्धा गुंठा येतो. एवढ्या तुकड्यावर स्वतः बांधणे बहुतेकांना शक्य नव्हते. त्यातून ‘फाईल’ विकण्याचा व्यवहार रूढ झाला : भूखंड हाती येण्याआधीच बिल्डर पात्रता विकत घेतो आणि पुढे सिडको, मूळ खातेदार व बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार होतो. घणसोली, कोपरखैरणे, कामोठे, खारघर, उलवे येथील मध्यम उंचीच्या असंख्य इमारती अशा भूखंडांवर उभ्या आहेत, आणि त्यांत घर घेणाऱ्याच्या कागदपत्रांत पहिल्या पानावर कुठल्या तरी आगरी कुटुंबाचे नाव असते.

योजना खातेदारासाठी आहे. मिठागरावरचा मजूर, खाडीत जाळे टाकणारा कोळी, शेतमजूर आणि बलुतेदार यांच्या नावावर सातबारा नव्हता. त्यांची उपजीविका गेली, पण टक्के मोजायला आकडाच नव्हता. योजनेची ही सर्वांत मोठी उणीव, आणि तिच्यावर लिहिले गेले आहे फार थोडे.

विस्तार. साडेबारा टक्क्यांचे सूत्र पुढे पिंपरी-चिंचवड नवनगरातही लागू झाले. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, पण तेथील प्रकल्पग्रस्तांची प्रतीक्षा लांबली. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते काहींना भूखंडाची पत्रे देण्यात आली. नवी मुंबई विमानतळासाठी, २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याच्या पार्श्वभूमीवर, २०१४ च्या शासन निर्णयांनी हे प्रमाण २२.५ टक्के केले. त्या भूखंडांसाठी पुष्पकनगर वसवले जात आहे. १० जून २०२१ ची मानवी साखळी आणि २४ जून २०२१ चा सिडको घेराव या आंदोलनांत विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव देण्याची मागणी पुढे आली, आणि २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.