गणित आणि भौतिक विश्वाचे वर्णन

भौतिक विश्वातील सर्व घटना गणिती नियमांत पूर्णपणे मांडता येतील का, हा भौतिकी आणि तत्त्वज्ञान यांच्या सीमेवरचा जुना प्रश्न आहे. निसर्गाचा ग्रंथ गणिताच्या भाषेत लिहिला आहे, असे गॅलिलिओ यांनी १६२३ मध्ये म्हटले. गणित निसर्गाला इतके चपखल लागू का पडते, याचे आश्चर्य भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९६० मध्ये मांडले. ते आश्चर्य खरे आहे: भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या इलेक्ट्रॉनविषयक समीकरणातून डोकावलेला इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार १९३२ मध्ये प्रयोगात सापडला.

मुंबईच्या किनाऱ्यावर या प्रश्नाची गुंतागुंत नीट दिसते. भरतीची वेळ काढायला कोकणपट्टीत एक हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तेव्हाच उधाण. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, तेच हे गणित. बंदराची भरतीची कोष्टके अशाच अनेक आवर्ती घटकांची, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा येणाऱ्या चढउतारांची, बेरीज करून बनतात. त्यांतील मुख्य चांद्र घटकाचा काळ १२ तास २५ मिनिटांचा आहे. म्हणून पुढच्या वर्षीच्या भरतीच्या वेळा आजच छापता येतात.

पाऊस असा हाती लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला मात्र सुमारे ७३. त्या दुपारच्या भरतीची वेळ आधीच छापलेली होती. एवढ्या पावसाची कुणालाच कल्पना नव्हती. तरी हवा आणि समुद्र दोन्ही न्यूटनच्याच नियमांनी हलतात. अवघ्या तीन समीकरणांच्या व्यवस्थेतही आरंभीचा बारीकसा फरक वाढत जाऊन पुढचे सारे बदलून टाकतो, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले. भाकीत जमले नाही म्हणजे घटना गणिताबाहेरची, असे समजण्याची चूक या विषयावरील चर्चेत वारंवार होते.

विश्व गणितात पूर्ण मावणार नाही हे दाखवायला तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांचे १९३१ चे अपूर्णतेचे प्रमेयही घाईने पुढे केले जाते. ते अंकगणित सामावणाऱ्या औपचारिक प्रणालींबद्दल, म्हणजे ठरलेल्या गृहीतकांवर आणि नियमांवर चालणाऱ्या सिद्धतांबद्दल आहे: अशा सुसंगत प्रणालीत सिद्धही करता येत नाहीत आणि खोडताही येत नाहीत अशी विधाने उरतात. त्यातून विश्वाबद्दल थेट काही सिद्ध होत नाही. २०१५ मध्ये पुंजभौतिकीच्या, म्हणजे अणूंच्या पातळीवरील भौतिकीच्या, नियमांनी वागणाऱ्या पदार्थाबद्दलच्या एका प्रश्नाचे उत्तर सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही, असे सिद्ध झाले, पण तेही कणांच्या अनंत पसरलेल्या आदर्श जाळीसाठी.

खरी अडचण भरतीच्या कोष्टकातच दडलेली आहे. घटकांचे काळ चंद्र-सूर्याच्या गतींवरून मिळतात, पण मुंबईत प्रत्येक घटक पाणी किती चढवतो हे किनारा आणि समुद्रतळ यांच्या आकारावर ठरते, आणि ते मोजूनच काढावे लागते. अपोलो बंदरावर १८७८ पासून अशा नोंदी आहेत. मूलकण आणि त्यांच्यातील बले यांचे वर्णन करणाऱ्या आजच्या सिद्धांताची, म्हणजे प्रमाणित प्रतिमानाची, तीच गत. त्यातील सुमारे १९ संख्या प्रयोगातून मोजून भराव्या लागतात, न्यूट्रिनो या अतिहलक्या मूलकणांचे वस्तुमान धरले तर आणखी जास्त. समुद्राच्या बाबतीत त्या आकड्यांमागे निदान तळाचा आकार तरी दाखवता येतो. विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता सांगणारी संख्या सुमारे १/१३७ का आहे, याचे कारण आजवरच्या कोणत्याही सिद्धांतातून निघालेले नाही.