रणगाड्यांसाठी कासवांची पाठवणी

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात १९४२ साली अमेरिकी जनरल पॅटन यांच्या रणगाड्यांनी उत्तर आफ्रिकेतल्या युद्धासाठी सराव केला. त्यांच्या पट्ट्यांच्या खुणा तिथे काही ठिकाणी अजून दिसतात. पाऊस अगदी तुटपुंजा, त्यामुळे दबलेली माती मोकळी व्हायला आणि तिच्यावरची सूक्ष्मजीव-शेवाळाची पापडी पुन्हा धरायला कित्येक दशकं जातात.

याच वाळवंटातल्या फोर्ट अर्विन या लष्करी तळाला सरावासाठी आणखी जागा हवी होती. आधुनिक तोफा-रणगाड्यांचा पल्ला वाढलेला, म्हणजे गरज खरीच. पण त्या जागेत वाळवंटी कासवं राहत होती, आणि १९९० पासून त्यांना अमेरिकी कायद्याचं संरक्षण होतं. तोडगा निघाला तो स्थलांतराचा. २००८ च्या वसंतात पाचशेहून जास्त कासवं उचलून तळाबाहेर सोडली गेली.

हे कासव आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढतं. मूत्राशय हीच त्याची पाण्याची टाकी. हाताळताना घाबरलं की ते लघवी करून टाकतं आणि उन्हाळ्याची बेगमीच संपते. म्हणून सोडण्याआधी त्याला पाणी पाजावं लागतं. नव्या जागी ओळखीचं बीळ नसतं, मग ते भटकत राहतं. त्यात दुष्काळ पडला, ससे कमी झाले आणि कायोटींनी, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या शिकारी प्राण्यांनी, कासवांकडे मोर्चा वळवला. खूप कासवं मेली. खापर स्थलांतरावर फुटलं, पण ते पूर्ण खरं नव्हे: मूळची स्थानिक कासवंही तशीच मारली जात होती.

मला जास्त बोलकी वाटते ती नंतरची जनुकीय तपासणी. चार वर्षांनी तिथल्या पिल्लांचं पितृत्व तपासलं, तर आणलेल्या नरांपैकी एकाचंही पिल्लू सापडलं नाही. आणलेल्या माद्यांना मात्र पिल्लं होत होती. नर जिवंत होते, मोजणीत धरले जात होते. पुढच्या पिढीत त्यांचा वाटा शून्य. म्हणजे 'इतकी कासवं वाचवली' हा आकडा अहवालात शोभतो, एवढंच.

याच वाळवंटातल्या ट्वेंटीनाइन पाम्स या मरीन सैनिकांच्या तळानं अशाच स्थलांतराच्या जोडीला दुसरा मार्गही धरला आहे. तिथे पिल्लं जाळीबंद आवारात वाढवतात. लहानपणी कवच मऊ असतं आणि डोमकावळे ते सहज फोडतात. माणसाच्या कचऱ्यावर या कावळ्यांची संख्या फोफावली आहे. कवच टणक झालं की पिल्लं सोडायची. ती वयात यायला मात्र बारा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात, आणि तळाचे अधिकारी तर दोन-तीन वर्षांत बदलतात.