घरात कांजिण्या आल्या, तीन दिवस हातात आहेत

सोलापुरात संक्रांतीची गड्डा यात्रा आटोपली, थंडी ओसरू लागली की कांजिण्यांचा हंगाम सुरू होतो. विडी घरकुलसारख्या कामगारवस्तीत, दोन खोल्यांत सहा-सात माणसं राहतात तिथे, एका पोराच्या अंगावर पाणी भरलेले फोड दिसले की आई त्याला वेगळं झोपवते, कडुनिंबाचा पाला आणते. पण फोड उठण्याआधी एक-दोन दिवसच ते मूल विषाणू पसरवू लागलेलं असतं आणि सगळ्या खपल्या धरेपर्यंत पसरवत राहतं.

म्हणून लस आधीच घ्यावी. बालरोगतज्ज्ञ पहिला डोस साधारण १५व्या महिन्यात देतात. दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी, किंवा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. पूर्वी एकच डोस पुरेसा मानत. पण एक डोस घेतलेल्या मुलांनाही शाळेत कांजिण्या होताना दिसल्या, म्हणून अमेरिकेने २००६ मध्ये दुसरा डोस सुरू केला. आपल्याकडच्या मोफत सरकारी लसीकरणात ही लस नाही, ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. यंत्रमागावर किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्यांना हा खर्च जड जातो. ही लस मोफत मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या माणसांचं मात्र कोणी बोलतच नाही. लहानपणी कांजिण्या न झालेल्याला तिशीत झाल्या, तर ताप जास्त चढतो आणि न्यूमोनियाचा धोका मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो. तेरा वर्षांपुढच्या कोणालाही चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घेता येतात. लहानपणी झाल्या होत्या की नाही हे आठवत नसेल, तरी लस घेतल्याने अपाय होत नाही.

आणि घरात रुग्ण निघालाच, तर बाकीच्यांनी, ज्यांना आजार झालेला नाही आणि लसही झालेली नाही, त्यांनी तीन दिवसांच्या आत, फार तर पाचव्या दिवसापर्यंत लस घ्यावी. संसर्गानंतर आजार दिसायला १० ते २१ दिवस लागतात. लसीमुळे शरीराची तयारी त्याआधी होऊ शकते. आजार टळतो, निदान सौम्य होतो.

गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांना ही लस देत नाहीत, कारण तिच्यात दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. घरात कांजिण्या आल्या आणि सून गरोदर असेल, तर फोड उठायची वाट न बघता तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.