पुटपुटण्यापासून मननापर्यंत: मुंबईतल्या मराठी शास्त्रपठणाची पार्श्वभूमी

बायबलमधल्या पहिल्या स्तोत्राच्या दुसऱ्या वचनातला धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. मराठीत मनन म्हटलं की डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, सगळं मनातल्या मनात. मूळ हिब्रूतल्या 'हागा' या क्रियापदात मात्र आवाज आहे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हेच क्रियापद येतं आणि ३८:१४ मध्ये घुमणाऱ्या पारव्यासाठीही. म्हणजे स्तोत्रकर्त्यापुढचा माणूस पाढे घोकणाऱ्या पोरासारखा पुटपुटत होता. आज मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांत सकाळचा जो 'शांत समय' (एकट्याने बायबल वाचून प्रार्थना करायची वेळ) पाळतात, तो शांत झाला तो बराच अलीकडे.

ख्रिस्ती मठांतही शास्त्र तोंडाने वाचलं जाई. बाराव्या शतकात गीगो दुसरा या कार्थुझियन मठाधिपतीने या वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सहवासात निःशब्द विसावणं. त्याने उपमा घेतली जेवणाची. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेत चव लागते आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडी. मठांत यासाठी रूढ असलेल्या लॅटिन शब्दाला मराठीत चपखल शब्द आहे: रवंथ. बहुतेकांची गाडी अडते ती दुसऱ्या पायरीवर. वाचून झालं की माणूस थेट प्रार्थनेला लागतो, आणि मग वाचलेला उतारा एकीकडे नि मागण्यांची यादी दुसरीकडे.

मुंबईच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या, कॅथलिकांच्या बोलीत मराठी होती, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिन. त्यांची भक्ती घराघरांतल्या रोझरीवर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेवर, आणि क्रुसासमोर म्हणायच्या लदीनीवर, म्हणजे सामूहिक आळवणीवर, पोसली गेली. खोताची वाडी किंवा माथारपाखाडीत शिरलं की असे क्रूस आजही दिसतात. ही भक्ती समूहाची, तोंडपाठ, सुरात. बायबल हातात धरून वाचणं तिच्यात नव्हतं. गोव्यात थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापलं, तेही ऐकवण्यासाठीच. आणि ते रोमन लिपीत असल्यामुळे पोथी वाचणारा मराठी माणूस त्याच्यापासून दूरच राहिला.

हातात धरायचं पुस्तक आलं ते एकोणिसाव्या शतकात. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि पंडित वैजनाथ यांनी मराठी मत्तय, म्हणजे येशूच्या चरित्राचं एक पुस्तक, १८०५ मध्ये आणि नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, १८११ मध्ये काढला. नवा करार मोडीत होता. मोडी ही हिशेबाची, पत्रांची, दफ्तराची लिपी आणि धर्मग्रंथ बाळबोधीत वाचायची सवय, त्यामुळे ही निवड पुढे मागे पडली यात नवल नाही.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांचा छापखाना सुरू झाल्यावर १८१७ मध्ये शास्त्रवचनांची आठ पानी पुस्तिका निघाली, प्रती १५००. मुंबईत छापलेला नवा करार १८२६ मध्ये आला आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये. मराठी मुद्रणाच्या इतिहासातही या छापखान्याचं नाव येतंच. टाइप पाडण्यात वाकबगार झालेला टॉमस ग्रॅहम इथलाच, आणि निर्णयसागरवाले जावजी दादाजी पोरवयात इथेच कामाला होते.

पण प्रती छापल्या म्हणजे वाचल्या गेल्या असं नाही. वाचता येणारे थोडे, त्यांत बायका तर नगण्य. अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली ती १८२४ मध्ये. तोवर, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं हीच रीत. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या स्त्रियांना 'बायबल वुमन' म्हणत. एक उतारा, तोच पुन्हा, मग ऐकणारीने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. नीट पाहिलं तर हा गीगोचाच जिना, फक्त एकट्याने न चढता दोघींनी मिळून चढलेला.

या ऐकण्याच्या रीतीला मराठी सूर मिळाला कवी नारायण वामन टिळकांमुळे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. १८४२ मध्ये अहमदनगरला निघून पुढे मुंबईला आलेल्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांनी १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळला. त्याआधीची बरीच मराठी गीतं इंग्रजी चालींना शब्द चिकटवून बेतलेली, म्हणताना जीभ अडखळणारी. टिळकांनी अभंग आणि ओवी घेतली. अभंग एकदा कानावर पडला की कामाच्या ओघात आपोआप ओठांवर येतो, आणि 'हागा' म्हणजे तरी दुसरं काय? पंडिता रमाबाईंचं काम वेगळं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवलं. ते छापलंही तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेतल्या बायकांनीच. पूर्ण ग्रंथ निघाला १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

एकट्याने, ठरल्या वेळी, ठरलेला उतारा वाचायची शिस्त मात्र ब्रिटनहून आली. स्कॉटलंडमधल्या डंडीचा पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन याने १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी वर्षभराचं वेळापत्रक केलं: रोज चार उतारे, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. त्यातले धोकेही त्यानेच सांगितले होते: निव्वळ रिवाज होणं, वाचलं म्हणून स्वतःला पुण्यवान समजणं, घाईने पानं उरकणं. पहिलं वर्ष संपायच्या आत, मार्च १८४३ मध्ये, तो वारला.

गणित करून पाहावं. जुन्या करारात ९२९ अध्याय, नव्यात २६०, मिळून ११८९. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे ५० आणि निर्गम या दुसऱ्याचे ४० संपतात २८ जानेवारीच्या सुमारास, आणि पुढे उभं राहतं लेवीय: होमबली, चरबी, मूत्रपिंडं, कुष्ठाच्या चट्ट्यांची तपासणी. नव्या वर्षाचे संकल्प इथेच गळतात. त्यात वाचणाऱ्याच्या श्रद्धेचा दोष कमी, ओळीने वाचण्याच्या योजनेचा जास्त. मॅकचेनची योजना उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये अशी चार ठिकाणी एकदम सुरू होते, त्यामुळे लेवीय आलं तरी सोबतीला दुसरं काही असतं.

दुसरी अडचण वचनांच्या आकड्यांची. नव्या कराराचे आजचे आकडे पॅरिसचा मुद्रक रॉबेर एस्तिएन याने १५५१ च्या आवृत्तीत घातले. संदर्भ शोधायला ते सोयीचे, पण त्यांनी वाक्य सुटं उचलायची सवय लावली. यिर्मया २९:११ भिंतीवरच्या कॅलेंडरांवर असतं, हिताच्या संकल्पांचं वचन म्हणून. आदल्याच वचनात बाबेलमधल्या बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत, आणि यिर्मयाच्या त्याच पत्रात तिथल्या बंदिवानांना सांगितलंय: घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. वचन घ्यायचंच तर आधीची पाच आणि नंतरची पाच वाचून घ्यावं, एवढा नेम पुरतो.

विश्वासूपणाचंही असंच. हिब्रू शब्द 'एमुना'. निर्गम १७:१२ मध्ये अहरोन आणि हूर मोशेचे हात दोन्ही बाजूंनी धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहतात. तिथे 'स्थिर'साठी हाच शब्द. विलापगीत ३:२३ मध्ये तोच देवाच्या विश्वासूपणासाठी, उद्ध्वस्त यरुशलेमेवरच्या शोकगीताच्या ऐन मध्यात. 'आमेन' याच धातूचा, आणि अरबीतून आपल्याकडे आलेलं 'इमान'ही. 'इमानेइतबारे नोकरी केली' म्हणतो तेव्हा भावनेपेक्षा रोज हजर राहण्यालाच आपण दाद देतो. भाषांतरकाराला कुठे 'विश्वास', कुठे 'सत्यता', कुठे 'विश्वासूपणा' घ्यावं लागतं आणि वाचणाऱ्याला धागा दिसेनासा होतो.

कॅथलिकांकडे चित्र पालटलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये देव स्वतःला कसा प्रकट करतो यावरचा दस्तऐवज काढून सर्व श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचा आग्रह केल्यावर. मिस्सा लोकभाषेत आली. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात, अनुक्रमे मत्तय, मार्क आणि लूक धरून लागली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि चर्चबाहेरच्या मराठी वाचकांच्या कपाटातही बायबल गेलं.

मोठ्याने वाचायची सवय परत लावायची तर ११९ वं स्तोत्र सोयीचं आहे. हिब्रूची २२ अक्षरं, प्रत्येकाला आठ वचनं, एकूण १७६. रोज एक अक्षर, आवाज काढून दोनदा. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यात 'एमुना' पाच वेळा येतो: वचन ३०, ७५, ८६, ९० आणि १३८. म्हणजे चौथ्या, दहाव्या, अकराव्या, बाराव्या आणि अठराव्या दिवशी. त्या दिवशी हातातल्या मराठी प्रतीत तिथे कोणता शब्द छापलाय, ते पेन्सिलीने खूण करून ठेवावं.