‘बिग फोर’ कथासंग्रह नाही, ‘लेबर्स’ कादंबरी नाही

अगाथा ख्रिस्तींचा गुप्तहेर हर्क्यूल प्वारो, त्याच्या कथा कुठून सुरू कराव्यात असं कुणी विचारलं की ‘द बिग फोर’चं नाव हमखास पुढे येतं. आणि कादंबऱ्यांच्या यादीत कुणीतरी ‘द लेबर्स ऑफ हर्क्युलिस’ घुसडतंच. दोन्ही पुस्तकांच्या मुळाशी बारा कथा आणि त्यांना जोडणारं सूत्र, म्हणून हा घोळ.

‘लेबर्स’ (१९४७) बहुतेकांच्या वाचनातलं असतं: निवृत्तीआधी मोजून बारा केसेस घ्यायच्या, त्याही ग्रीक पुराणातल्या हर्क्युलिसच्या पराक्रमांशी जुळणाऱ्या. ‘बिग फोर’ १९२४ मध्ये ‘द स्केच’ साप्ताहिकातून कथाकथांनी आलं. पुढे १९२६ मध्ये आईचा मृत्यू आणि मोडायला आलेला संसार यांत ख्रिस्तीबाईंना नवं लिहिणं जड जात होतं. तेव्हा दीर कॅम्पबेल यांच्या मदतीने त्याच कथा सांधल्या आणि जानेवारी १९२७ मध्ये कादंबरी बाजारात आली. ‘बिग फोर’ प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज सांगतो, ‘लेबर्स’मध्ये तो नाही. हा फरक किरकोळ.

खरा फरक कथा संपताना कळतो. ‘लेबर्स’मधली पहिलीच कथा घ्या. एका श्रीमंत बाईचा पेकिनीज कुत्रा पळवला जातो, खंडणी देऊन तो परतही येतो, तरी तिच्या नवऱ्याला छडा हवाच असतो. प्वारो छडा लावतो आणि विषय संपतो. आधीचं काही वाचलेलं नसलं तरी अडत नाही. आता ‘बिग फोर’मधलं बुद्धिबळाचं प्रकरण. डाव नुकताच मांडलाय आणि तरुण अमेरिकन खेळाडू पटावरच कोसळतो. मला ते पुस्तकातलं सर्वात सरस प्रकरण वाटतं. खून कसा झाला ते प्वारो अचूक सांगतो, पण हवा असलेला माणूस हातावर तुरी देऊन निसटतो. तो कोण, त्याच्यामागे कोण, प्वारो त्याच्यासाठी एवढा इरेला का पेटलाय, हे मागच्या प्रकरणांशिवाय कळत नाही. गुन्हा उलगडतो, पाठलाग चालूच राहतो. म्हणून ती कादंबरी. विस्कळीत, कबूल, पण कादंबरीच. तिच्यातलं एखादं प्रकरण सुटं वाचून ‘प्वारोच्या कथा अर्धवट असतात’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

प्वारोला भुरळ घालणारी रशियन चोर काउंटेस रोसाकोफ दोन्हीकडे आहे, पण तेवढ्यावरून ‘लेबर्स’ला ‘बिग फोर’चा पुढचा भाग समजू नये. ‘लेबर्स’ कुठूनही उघडा, फक्त प्रस्तावना आधी आणि तिची सर्बेरसची (ग्रीक पुराणातला पाताळाचा राखणदार कुत्रा) कथा शेवटी वाचा. ‘स्ट्रँड’ मासिकाने तिचा पहिला खर्डा नाकारला होता, म्हणून बाईंनी पुस्तकासाठी पूर्ण नवी कथा लिहिली. जुनी थेट २००९ मध्ये छापली गेली.