ओसाका आणि उमेदा : शेजारशेजारची दोन स्थानके

जपानमधील ओसाका शहरात ‘ओसाका’ आणि ‘उमेदा’ ही दोन स्थानके इतकी लागून आहेत की एकातून निघून दुसऱ्यात काही मिनिटांत चालत पोहोचता येते. तरीही नावे निराळी असल्यामुळे नवखा प्रवासी ती शहराच्या दोन टोकांना असावीत असे समजतो. वास्तविक या परिसराचेच नाव उमेदा आहे. १८७४ मध्ये कोबेहून आलेल्या सरकारी लोहमार्गाने येथील स्थानकाला शहराचे नाव दिले आणि ते आजच्या जेआर (जपान रेल्वे) स्थानकाकडे आले. भुयारी रेल्वेने मात्र १९३३ मध्ये उमेदा ते शिन्साइबाशी हा आपला पहिला मार्ग सुरू करताना परिसराचे नाव स्वीकारले. भर घालून बुजवलेले शेत, असा या नावाचा मूळ अर्थ सांगतात. पुढे ते ‘उमे’ या फळझाडाच्या चित्राक्षराने लिहिले जाऊ लागले.

क्योतो किंवा कोबेला जायचे असेल तर जेआरचे ओसाका गाठावे. शहरातच दक्षिणेला नाम्बा किंवा तेन्नोजीकडे जायचे असेल तर उमेदाहून सुटणारी मिडोसुजी मार्गावरची गाडी सोयीची. शिन्कान्सेन, म्हणजे जपानची अतिवेगवान ‘बुलेट’ गाडी, या दोहोंपैकी कोठेही येत नाही. तिचे स्थानक शिन-ओसाका, म्हणजे ‘नवे ओसाका’, नदीपलीकडे आहे.

खरी अडचण पुढेच आहे, कारण भुयारी रेल्वेची उमेदा नावाची स्थानके तीन आहेत : लाल रंगाच्या मिडोसुजी मार्गावरचे उमेदा, निळ्या योत्सुबाशी मार्गावरचे निशी-उमेदा (पश्चिम उमेदा, १९६५) आणि जांभळ्या तानिमाची मार्गावरचे हिगाशी-उमेदा (पूर्व उमेदा, १९६७). एका स्थानकातून दुसऱ्यात जाण्यासाठी तिकीट-फाटकाबाहेर पडून भुयारी बाजारपेठेतून चालावे लागते. अशा वेळी दुसऱ्यांदा भाडे पडेल अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे, पण ३० मिनिटांच्या आत पुढच्या फाटकातून आत गेल्यास प्रवास सलगच धरला जातो. ही सवलत फार मोलाची आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे कोणी घाईने धावत सुटू नये, असे मनापासून वाटते.

भुयारात असेल ते उमेदा आणि वर असेल ते ओसाका, ही खूणही आता चालत नाही. मार्च २०२३ पासून जेआरच्या ओसाका स्थानकालाही भुयारी फलाट आहेत आणि कान्साई विमानतळाची हारुका गाडी तेथेच थांबते. शिवाय हानक्यू आणि हानशिन या खासगी रेल्वेंनी २०१९ मध्ये आपापल्या स्थानकांना ‘ओसाका-उमेदा’ असे जोडनाव दिले आहे.