इम्रान कप जिंकून डायरेक्ट पंतप्रधान झाला? नाही ओ

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर इम्रान खानचा विषय निघाला की कोणीतरी हमखास बोलतं, ९२चा वर्ल्ड कप जिंकला आणि त्याच हवेवर सरळ पंतप्रधान झाला. अहो मध्ये २६ वर्षं गेली ना! मेलबर्नला हातात काचेची ट्रॉफी घेऊन भाषण केलं तेव्हाही तो कॅन्सर हॉस्पिटलबद्दल बोलत होता, राजकारणाबद्दल नाही, आणि ते हॉस्पिटल १९९४ ला लाहोरात सुरू झालं पण. पार्टी काढली १९९६ ला, भ्रष्टाचार संपवू, इन्साफ देऊ वगैरे, आणि १९९७ च्या इलेक्शनला सीट किती तर शून्य, स्वतः इम्रानपण पडला. २००२ ला एकच सीट, मियांवालीची, ती त्याची स्वतःची. २००८ ला तर बहिष्कारच. म्हणजे सभेला गर्दी व्हायची, सही घ्यायला झुंबड, पण मतं काय पडत नव्हती. २०१३ ला कुठे खैबर पख्तुनख्वात सरकार आलं, ऑगस्ट २०१८ ला शपथ, आणि एप्रिल २०२२ ला अविश्वास ठरावात विकेट.

(बाय द वे, १९८७ ला ब्रेबॉर्नवर आपल्या छोट्या सचिनने इम्रानच्या टीमसाठी फिल्डिंग केलेली, ही मात्र अफवा नाही हां.)